कोकराचं माप

"छप्पन," वीरधवलनं टेपवरचा आकडा वाचला आणि टेप अपेक्षाच्या पोटावरून सोडवला.

सात वर्षांची अपेक्षा गुदगुल्या होऊन अंग चोरून हसली. स्कॅन काढणारी रेश्माही हसली. या टेबलावर पोरं रडतात, ही हसते. म्हणून विट्याच्या या स्कॅन सेंटरात ती सगळ्यांची लाडकी. दीड वर्षापूर्वी तिच्या लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली होती, मेंढरा-कुत्र्यांत वाढणाऱ्या पोरांना होते तशी. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिची आजी सुलाबाई तिला आटपाडीकडून एसटीनं तपासायला आणायची. तीन सीटी स्कॅन झाले होते. आज चौथा.

वीरधवल पुण्याहून आला होता, मशिनची वार्षिक तपासणी करायला. कोवळा पोरगा, पण कामाला चिवट. पेशंटला प्रत्यक्षात किती किरण लागतात ते त्याला पडताळायचं होतं. रेश्माच्या ड्रॉवरमधला शिंप्याचा टेप त्यानंच मागून घेतला होता.

"हिच्या मागच्या स्कॅनला स्क्रीनवर डोस किती दाखवला होता, मॅडम?"

"सात." रेश्माला पाठ होतं. भिंतीवर तिनंच कागद चिकटवला होता: लहान मुलांचं पोट, दहाच्या आत. "तिन्ही वेळा सातच, सर. मी दर वेळी बघते. आजींनाही सांगते, दहाच्या आत आहे, काळजी करू नका."

वीरधवलनं जुना स्कॅन उघडला. सातच्या शेजारी बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता. त्यावर त्यानं पेनचं टोक टेकवलं. बत्तीस.

"हे काय आहे?"

नऊ वर्षं ती तो बत्तीस बघत आली होती. देवळाच्या पायरीवर कोरलेलं नाव बघावं तसा. पाय ठेवायचा आणि पुढं जायचं.

"मशिन पेशंटला ओळखत नाही, मॅडम. समोर बत्तीस सेंटीमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा ठोकळा आहे असं धरून ते आकडा सांगतं. म्हणजे शंभर सेंटीमीटर घेराचा गडी. हिचा घेर छप्पन. तेवढेच किरण एवढ्याशा अंगात गेले की डोस जवळजवळ दुप्पट." त्यानं कागदावर आकडेमोड केली. "साडेतेरा. भिंतीवरचा तुमचा दहा मुलांसाठी धरतात त्या लहान, सोळा सेंटीमीटरच्या ठोकळ्याचा आहे. तुम्ही मोठ्या ठोकळ्याचा सात त्याच्याशी ताडून बघत होता."

रेश्मानं भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही. घाबरू नका, लगेच काही होत नसतं. पुढं कधीतरी कॅन्सरची शक्यता तसूभर वाढते. पण लहान मुलांत तो तसूही टाळायचा असतो."

त्याच सकाळी, निघायच्या घाईत, तिनं आपल्या सतरा महिन्यांच्या ऋषिराजला तापाचं औषध पाजलं होतं. ड्रॉपर खिडकीच्या उजेडात धरून रेघ दोनदा बघितली होती. एक थेंब जास्त आला तर तो परत बाटलीत सोडला होता.

तिनं स्कॅनची चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, अपेक्षाचं सोनोग्राफीवर भागेल का?"

"भागेल की. गाठ परत आली का, एवढंच तर बघायचंय. सीटी आपलं सवयीनं लिहिलं गेलं."

सवयीनं. फोन ठेवला तरी तो शब्द तिच्या हातात राहिल्यासारखा वाटला.

वीरधवल हलक्या आवाजात म्हणाला, "मी अहवालात लिहीनच. पण आजींना सांगायचं का, ते आधी तुमच्या मोठ्या सरांना विचारून घ्या."

रेश्मानं कुणाला विचारलं नाही. ती बाहेर गेली.

बाकावर सुलाबाई पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन डाळिंबं असणार, हे रेश्माला ठाऊक होतं. दर खेपेला तपासणी झाली की म्हातारी ती काउंटरवर ठेवायची. "बाळाला दे गं तुज्या."

"झालं व्हय? एवढ्यात?"

"आजी, आज मशिनमदी न्हाई घालायची तिला. सोनोग्राफी करू."

"का गं? मशिन बिघडलं?"

"मशिन न्हाई. माजं चुकलं." रेश्मा तिच्यासमोर उकिडवी बसली. "तीन बाऱ्या मी तुमाला सांगितलं, किरण कमी हायत म्हणून. ते माप मोठ्या माणसाचं हुतं. हिला दुप्पट लागल्यात."

सुलाबाईला कळलं नसेल, म्हणून रेश्मा पुन्हा सांगायला गेली, तोवर म्हातारीच म्हणाली,

"म्हंजी मेंढ्याचं औषध कोकराला पाजलं."

रेश्मानं मान डोलावली.

"आमी अडाणी, बाय. पर जंताचं औषध पाजताना कोकरू आदी हातावर उचलून बघतो. वजन हाताला कळतं. मग पाजायचं." म्हातारीचा आवाज चढला नव्हता. "तू शिकल्याली, लेकुरवाळी. एकदा तरी उचललीस का गं हिला?"

तिन्ही वेळा रेश्मा लांबूनच म्हणाली होती, चढ बघू टेबलावर, शहाणी माझी ती.

"न्हाई, आजी."

"काय हुईल आता तिला?"

"आता काय न्हाई. पुढचं... न्हाई सांगता येत."

सुलाबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "मग लिवून दे. तीन बाऱ्या, दुप्पट. मी काय जलमाला पुरती व्हय तिला? माज्या माघारी कुना डागदरानं इचारलं तर पोरीकडं कागद पायजे."

रेश्मानं लिहिलं. तारखा लिहिल्या, सातच्या जागी साडेतेरा लिहिलं, खाली स्वतःची सही केली.

सोनोग्राफी स्वच्छ निघाली. सुलाबाईनं कागदाची चौपदरी घडी घालून कमरेच्या पिशवीत सारली आणि नातीचा हात धरून ती निघाली.

दारात अपेक्षा थांबली. "आजी, डाळिंबं द्यायची ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे."

रेश्मा काउंटरला धरून उभी होती. वीरधवलनं परत दिलेला टेप गळ्यात तसाच. सात वर्षांची पोर काही उचलून घ्यायच्या वयाची नव्हती. तरी पायरीपाशी सुलाबाई वाकली, डाळिंबांची पिशवी खांद्याला अडकवली, पोरीला दोन्ही हातांवर उचललं, क्षणभर तशीच तोलून धरली, आणि पायऱ्या उतरून गेली.