कॅप्टनचा थांबा

मुलानं तबकडीवर अलगद सुई टेकवली आणि वर्गाकडे न बघताच हात वर केला. सॅक्सोफोन धावत आला, वळणावर आल्यासारखा कलला आणि एकदम बंद पडला. मागोमाग ड्रमही थांबला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत नुसती सुईची खरखर उरली. खुर्च्यांवर बसलेली माणसं श्वास रोखून होती. मग पियानोचा एक जाड, आडमुठा सूर पडला, आणि त्याच सुराचं बोट धरून सॅक्सोफोन पुन्हा उठला.

मुलानं सुई उचलली.

"याला जाणकार लोक 'कॅप्टनचा थांबा' म्हणतात," तो म्हणाला. "वाजवणाऱ्याला थांबायचं धैर्य लागतं. सगळं ठरवून, मोजून केलेलं आहे हे."

"थांबा बसचा असतो," मागच्या रांगेतून आवाज आला. "आणि ठरवून काहीही केलेलं नव्हतं. चुकीचं सांगतोय तो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंतीला टेकून, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून त्याची आई बसली होती. पहिल्या रांगेतली दातांची डॉक्टरीण हसली, पण मुलाचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.  त्यानं तबकडी पुसली, पाकिटात घातली आणि पुढचा तास कशावर आहे ते सांगितलं.

दर शनिवारी दुपारी तो हा वर्ग घेई. जॅझ ऐकायचं कसं, एवढाच विषय. शिकवायचा मात्र जीव ओतून. आर्मस्ट्राँगनं एकट्या ट्रम्पेटला घोळक्यातून पुढं आणून कसं उभं केलं, एलिंग्टननं अख्ख्या बँडचंच एक वाद्य कसं केलं, मंकच्या पियानोत न वाजवलेल्या सुरांनाही जागा कशी असते, हे तो सांगायला लागला की डॉक्टरिणीसारखी या विषयाशी काडीचा संबंध नसलेली माणसंही वह्या मिटून नुसती ऐकत बसत. आईनंही पहिल्या दिवशी तसंच ऐकलं होतं, आणि आपण ऐकतोय हे ध्यानात आल्यावर तोंड फिरवलं होतं. तिला खुपायचं ते पुढचं. या सूर्यांच्या रांगेत तो शेवटी घरचा काजवा आणून बसवी. कॅप्टन म्हणजे त्याचे वडील, तिचा नवरा. सॅक्सोफोन वाजवणारा, आयुष्यात एकच तबकडी निघालेला माणूस.

मनगट मोडल्यापासून आई मुलाकडे राहत होती. एकटीला ठेवायचं नाही, असं हाडांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणून शनिवारी तिलाही वर्गात आणावं लागे. मायलेकांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य तसं जुनंच, पण आतापर्यंत मध्ये अर्धं शहर होतं. आता मध्ये एक पातळ भिंत होती. तो तिच्या बटणांपासून औषधांपर्यंत सगळं वेळच्या वेळी करी, आणि करताना एक शब्दही जास्तीचा खर्च करत नसे. चहा ठेवला की "चहा." गोळी ठेवली की "गोळी." एकदा तिनं म्हटलं की हॉस्पिटलातल्या नर्सा याहून जास्त बोलायच्या, तर तो म्हणाला की त्यांना त्याचा पगार असतो.

त्याच्या रागाला कारण होतं आणि ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. तो वर्षाचाही नसताना त्याला मोठा ताप आला होता. त्यातून जीव वाचला, डावा कान गेला. आठ वर्षांचा झाल्यावर त्यानं वडिलांना विचारलं की तेव्हा आई कुठं होती. कॅप्टन म्हणाला होता, "वाजवायला गेली होती."

बसमध्ये मुलगा नेहमीप्रमाणे खिडकीकडची जागा तिला देऊन बसला. म्हणजे ती त्याच्या डाव्या हाताला आली. त्याला बोलायचं नसलं की तो हे असंच करी. तीन थांबे गेल्यावर मात्र तो स्वतःच बोलला.

"पुढच्या शनिवारी तू घरी राहा. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना बसायला सांगतो."

"का? लोकांसमोर तुझं पितळ उघडं पडतं?"

"लोक पैसे भरून येतात. त्यांना तुझं भांडण ऐकायचं नसतं."

"मी भांडले नाही. मी खरं सांगितलं."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू पियानो सोडलास, बाबांना सोडलंस. आता ते गेल्यावर त्यांची एक चांगली गोष्ट उरलीय, तीही तुला बघवत नाही. इतकं मन कसं काय आंबतं गं माणसाचं?"

 घरी पोचेपर्यंत आई प्लास्टरच्या कडेवरचा कापूस उपटत राहिली. पण जिना चढताना तिनं ठरवून टाकलं होतं. सांगायचं. त्याच्या वर्गात, त्याच्या त्या माना डोलावणाऱ्या माणसांसमोर सांगायचं, म्हणजे त्याला कानाआड करता येणार नाही. हा शब्द मनात आला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी ठरलेलं ठरलं.

त्या दिवशी ती वाजवायला गेली होती हे खोटं नव्हतं. पंचाईत तीच होती.

कॅप्टनच्या बँडमध्ये पियानोवर तीच असे. सगळे तिला 'बाई' म्हणत, कॅप्टनसुद्धा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी पोराचं अंग कोमट लागलं होतं. तिनं त्याला शेजारच्या शिंपिणीकडे ठेवलं आणि दुपारपर्यंत येते म्हणून सांगितलं. दुपार टळली. कॅप्टनला एकही टेक पसंत पडेना. कधी ड्रम पुढं पळाला, कधी त्याचा स्वतःचाच सूर त्याला फाटका वाटला. मग शिंपिणीचा फोन आला. दारावरच्या माणसानं येऊन सांगितलं की पोर तापानं फणफणलंय आणि दूध ओकतंय. तिनं पर्स उचलली. कॅप्टन सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात सारखा करत म्हणाला, "एकच, बाई. हा एक झाला की जा."

ती बसली. हेच तिला पुढं कुणाला सांगता आलं नाही. कुणी हात धरून बसवलं नव्हतं, दाराला कडी नव्हती. तो म्हणाला आणि ती बसली.

त्या टेकमध्ये, सॅक्सोफोन थांबून पियानोनं उचलायचं त्या जागी, तिनं हात वर घेतले. उचललंच नाही. तिला वाटलं, आता तरी हा डोळे उघडेल, माझ्याकडे बघेल, माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचेल. ड्रमवाल्यानं पाहिलं आणि काड्या हवेत धरल्या. कॅप्टननं डोळे मिटलेलेच ठेवले. तो वाट बघत उभा राहिला, जणू जगात ताप नावाची गोष्टच नव्हती. तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली. टेकचा सत्यानाश करायचा आणि उठून चालतं व्हायचं, म्हणून तिनं मूठ आपटावी तशी बोटं आपटली. पडला तो सूर त्या जागेचा नव्हताच. त्या गाण्याचाही नव्हता.

आणि कॅप्टननं तोच उचलला. त्या आडमुठ्या सुराला त्यानं खालून हात दिला, वळवला, असा काही वर नेला की तो तिथलाच, पहिल्यापासून ठरलेला वाटावा. संपल्यावर काचेपलीकडची माणसं उभी राहिली होती. बाई तोवर उठून जिन्यात पोचली होती.

हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि पुढं काहीच म्हणाला नाही. ते वाक्य ती जन्मभर पुरं करत बसली. पियानोचं झाकण तिनं त्या आठवड्यात लावलं आणि औषधांच्या दुकानात नोकरी धरली. पोरगं शाळेत जायला लागल्यावर त्याला घेऊन कॅप्टनचं घरही सोडलं. त्याची तबकडी मात्र चार दिवस गाजली. पोरगं मोठं होत गेलं तसं बापाच्या तबकडीपाशी जाऊन बसायला लागलं, उजवा कान पुढं करून. तिनं मुलाला कधी सांगितलं नाही की रेकॉर्डिंगचा आणि तापाचा असे ते दोन दिवस नव्हते, एकच दिवस होता. सांगायला गेलं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारलाच असता, की मग तू उठून का आली नाहीस.

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या काकू ऐन वेळी लग्नाला गेल्या. मुलानं आईच्या पायात चपला सरकवल्या.

वर्ग भरला. तो दुसरंच काही ऐकवणार होता, पण डॉक्टरिणीनं हात वर केला. ती मागं वळून थेट आईशीच बोलली. "आजी, गेल्या वेळी तुम्ही म्हणालात ठरवलेलं नव्हतं. मग काय झालं होतं? तुम्ही होतात तिथं?"

"होते. पियानो माझा आहे तो."

खोलीत कुजबुज झाली. मुलानं हे कधी सांगितलं नव्हतं. तबकडीच्या पाकिटावर एकट्या कॅप्टनचा फोटो होता आणि बाकीचे 'साथीदार' होते.

"मी ऐनवेळी हात उचलले," आई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर होता. "कारण त्या दिवशी घरी माझं मूल..."

"दहा मिनिटं थांबू," मुलगा म्हणाला. "खाली चहा आहे. सगळ्यांनी घेऊन या."

माणसं उठली. डॉक्टरीण सगळ्यांत शेवटी, रेंगाळत गेली. मुलानं तिच्यामागं दार लावलं आणि तिथंच पाठ टेकून उभा राहिला.

"बोल आता," तो म्हणाला. "तोंडातलं वाक्य पुरं कर."

"लोकांसमोर ऐकायची भीती वाटली?"

"मूल तापानं फणफणलं होतं. शिंपिणीचा फोन आला होता. बाबा म्हणाले, एकच. तू बसलीस." तो वर्गात आकडे सांगावेत तसं सांगत होता. "मला माहीत आहे. बाबांना पोचवून आलो त्या संध्याकाळी ड्रमवाल्या काकांनी सांगितलं. ते रडत होते. मी नाही रडलो."

 बाप जाऊन सहा वर्षं होऊन गेली होती. या सहा वर्षांत तो दर महिन्याला येऊन तिची औषधं ठेवून जाई, आणि दारातूनच परत फिरे.

"कधी बोलला नाहीस."

"तूही नाहीस. मी म्हटलं बघू, कोण आधी बोलतं."

"माहीत असून तू त्याचे गोडवे गातोस? चारचौघांत? मोठमोठ्या माणसांच्या शेजारी नेऊन बसवतोस त्याला?" तिचा आवाज चढला. "ज्यानं तुझ्यासाठी डोळेसुद्धा उघडले नाहीत?"

"त्यांच्यासाठी नाही करत मी."

"मग कुणासाठी?"

 खाली कपबशा वाजत होत्या.

"माझा कान गेलाय त्यात," तो म्हणाला. "ते जर भिकार असेल, तर फुकटच गेला म्हणायचा."

 आईची इतक्या वर्षांची जमवलेली वाक्यं होती, धार लावून ठेवलेली, त्यातलं एकही इथं लागू पडेना.

"मी ते इतक्यांदा ऐकलंय की मला आता कळतच नाही," तो म्हणाला. "मला ते चांगलं वाटायलाच हवंय, म्हणून चांगलं वाटतं की काय, कोण जाणे. पुस्तकांत बाबांचं नाव नाही. 'जाणकार म्हणतात' असं मीच म्हणतो आणि मीच पसरवतो. तू मात्र तिथं होतीस. आणि तुला बाबा आवडत नाहीत, म्हणजे तू लाडानं काही सांगणार नाहीस." त्यानं दारावरची पाठ काढली. "खरं सांग. चांगलं होतं?"

'नाही' हा एक शब्द पुरला असता. तो शब्द घेऊनच ती आली होती. त्या माणसानं तिचा रागसुद्धा तिचा राहू दिला नव्हता, उचलून स्वतःचा करून टाकला होता, आणि जगानं त्याला टाळ्या दिल्या होत्या. तिनं मुलाकडे पाहिलं. केस पिकायला लागलेला, नेहमीसारखी उजवी बाजू पुढं करून उभा असलेला.

"चांगलं होतं," ती म्हणाली. तिला ते म्हणताना कष्ट पडले. "जिन्यात होते तरी पाय थांबले होते माझे. थोडाच वेळ. पण थांबले. तसं परत कुणी वाजवलं नाही. त्यालाही जमलं नाही."

मुलानं मान हलवली. आभार मानले नाहीत, जवळही आला नाही. जिन्यावर पावलं वाजायला लागली तसा तो दाराकडे वळला. कडीवर हात ठेवून, मागं न बघता त्यानं विचारलं,

"तो सूर मुद्दाम वाजवलास?"

"मुद्दाम."

"चुकीचा?"

"वाजवला तेव्हा चुकीचाच होता," आई म्हणाली.