कोंबडीखालचं राखाडी इंजिन

"दादा, सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. तुझा तर नाहीच नाही," थोरल्याच्या गालाला फेस फासत धाकट्याने सुरुवात केली.

धाकटा न्हावी. वस्तऱ्यापेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. थोरल्याने जन्मभर कवळ्या बनवल्या. दातांचे पांढरे रंग किती तऱ्हेचे असतात ते त्याला विचारावं. आता त्याची नुसती हाडं उरली होती. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं, वहिनीने धाकट्याला.

पलंगासमोरच्या काचेच्या कपाटात रेल्वेच्या विजेच्या इंजिनांची जुनी, वीतभर लांबीची मॉडेलं ओळीने उभी होती. इंजिन एकच, रंग तेवढे निराळे. हिरवं, पिवळ्या पट्ट्याचं हिरवं, तांबडं, काळ्या टपाचं तांबडं. वहिनी त्यांना सवती म्हणायची आणि फडक्याने पुसायचीही तीच. राखाडी मात्र नव्हतं. मॉडेलांचा कारखाना बंद पडताना उरल्यासुरल्या रंगात काढलेलं. त्याच्यापायी थोरल्याने बाजार पालथे घातले, पण ते काही गवसलं नाही. परवा छताकडे बघत तो म्हणाला होता, "तेवढं एकदा हातात यायला हवं होतं रे."

धाकट्याकडे एकच इंजिन होतं, निळं. तसं निळं थोरल्याकडेही नव्हतं. थोरल्याने मागितलं की धाकटा हसून म्हणायचा, "मी मेल्यावर घेऊन जा." परवा घरी जाऊन त्याने ते निळं काढलं, राखाडी रंगाचा डबा उघडला आणि ब्रश टेकवला. टपापासून चाकांपर्यंत सगळं राखाडी केलं.

"एका म्हातारीच्या खुराड्यात होतं," धाकटा वस्तरा चालवत म्हणाला. "वर कोंबडी बसलेली. अंडं समजून उबवत होती बिचारी."

"किती दिवस?"

"ते कोंबडीला विचार. मी इंजिन उचललं तर ती माझ्या मागे. गल्लीतून मागे, बसमध्येही मागे. कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट काढा."

थोरल्याचं पोट हललं. "हसू नकोस, कापेल," धाकटा म्हणाला.

"मग काढलंस?"

"काढलं. खिडकीची जागाही तिलाच दिली."

"भावजी, पुरे," दारातून वहिनी म्हणाली. पण तीही हसत होती, आणि पदर डोळ्यांना लावत होती.

धाकट्याने थोरल्याचा गाल टॉवेलने टिपला आणि पिशवीतून इंजिन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. थोरल्याने ते उजेडाकडे धरलं. त्याचे डोळे भरून आले. धाकट्याला वाटलं, जमलं. एका इंजिनाच्या बदल्यात काही वाईट सौदा नव्हता.

"वहिनी, कपाट उघडा," तो म्हणाला. "पाहुणं आलंय."

थोरल्याने कपाटाकडे बघितलं नाही. त्याचं बोट इंजिनाच्या कडेने हळूहळू सरकत होतं. दारं, खिडक्या, मग दाराजवळचा बारीक तारेचा राखाडी कठडा. तिथे ते थांबलं.

"कोंबडी कुठे आहे आता?" त्याने विचारलं.

"दुकानात. गिऱ्हाइकांना नंबर देते."

"कारखान्यात आधी रंग मारायचे," थोरला म्हणाला, "कठडे मागून बसवायचे. म्हणून कठडे पितळी राहतात. कपाटातलं कुठलंही बघ."

धाकटा वस्तरा पुसू लागला. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिला.

"खोटं बोलतोस तू," थोरला म्हणाला. त्याने इंजिन छातीशी धरलं. "हे तुझं निळं आहे."