पाढ्यानंतरचा शब्द

माझ्या नवऱ्याच्या तेरवीच्या मांडवात दुलीचंद बोलायले उभा राहिला आणि माझं डोकं भणकलं. दुलीचंद म्हणजे स्टेशनाजवळचा किराणावाला, आमच्या मास्तरचा जुना विद्यार्थी. माइक हातात आला की याले आवर नाही. म्हणे, गुरुजींनी लकव्यानं पडलेल्या बायकोची देवासारखी सेवा केली. सेवा? अरे, कायची सेवा घेऊन बसला! मास्तरनं मले शिकवलं. पहिलीतल्या पोट्टीले शिकवतात तसं. पण हे मी सांगू कशी? डोक्यात सारं भागवत, आणि तोंडातून निघते नुसतं 'अँ, अँ'.

दारात गाडी लागली होती. माझा पोरगा टिकेश मले आजच पुण्याले घेऊन जाणार होता आणि घराले कुलूप लागणार होतं. मले नव्हतं जायचं. शेजारची प्रेमिला, माझ्यासारखीच रांडमुंड बाई, माझ्याजवळ झोपायले येतो म्हणत होती. तिनं टिकेशले तसं सांगितलंही. तो म्हणाला, काकू, आईले आता काही समजत नाही, तिले इथं काय अन् तिथं काय. मी समोरच बसली होती. माझ्यासमोर म्हणाला तो हे.

म्हणून मले आज एक शब्द बोलायचाच होता. 'नाही.' बस, एवढाच.

लकवा झाला तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की वाचा येईल तर येईल. मास्तर त्याच्यावरच चिडले. म्हणाले, येईल तर येईल म्हणजे काय, पोरगं शिकेल तर शिकेल असं मी कधी म्हणलो नाही. घरी आले अन् फळा आणला. रोज सकाळी मले खाटेवर टेकून बसवायचे, माझी वेणी घालायचे, तीही अशी वाकडी की प्रेमिला पाहून हसे, आणि मग शाळा सुरू. पाणी पाहिजे तर पाणी म्हण. म्हणलं नाही तर ग्लास हातात घेऊन तसेच उभे. मी डाव्या हातानं उशी फेकून मारायची. ते उशी उचलून आणायचे अन् म्हणायचे, सुखवंता, वर्गात मारामारी नाही.

एकटीले मले एक शब्द येत नव्हता. पण चोरखमारा गावच्या शाळेत मास्तर एकटे होते, चार वर्ग एकाच खोलीत, तेव्हापासून त्यांची सवय, सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचं. एक दिवस त्यांनी तशाच सुरात बेचा पाढा सुरू केला, आणि बाई गं, माझं तोंड आपोआप चालायले लागलं! बे एके बे, बे दुणे चार. हातपंपात वरून तांब्याभर पाणी ओतलं की खालचं पाणी चढते ना, तसं. वीसपर्यंत पोचलो की ते पटकन विचारायचे, काय पाहिजे? आणि तोंड चालूच असल्यानं शब्द निसटून यायचा. पाणी. भात. दुखते. नाही. 'नाही' आला त्या दिवशी मास्तर मागच्या अंगणात जाऊन रडले. मले वाटलं, आता हा बाप्या मले भांडायलेही शिकवणार.

त्याच अंगणात ते पडले, बादली भरता भरता. मले खाटेवरून दिसून राहिले होते. हाक मारायले तोंड उघडलं मी, उघडंच राहिलं. प्रेमिला येईपर्यंत सारं संपलं होतं.

दुलीचंदचं भाषण संपून राहिलं होतं. माझी सून योगेश्वरी माझी पिशवी गाडीत ठेवून आली. आता नाही तर कधीच नाही. मास्तर नव्हते, पण सूर तर माझ्या कानात होता. मी डोळे मिटले अन् जीव खाऊन ओढलं. बे. पुन्हा बे. बे एके बे.

मांडवातले सारे माझ्याकडं वळले. मग दुलीचंदनं माइकवर धरलं, बे दुणे चार. त्याच्यामागून सारे. टकले झालेले, पोटं सुटलेले, लेकुरवाळ्या बाया, सारे मास्तरचे. बे त्रिक सहा. लोक रडत होते. कोणी मोबाइल धरला होता. त्यांना वाटलं, म्हातारी गुरुजीले श्रद्धांजली देऊन राहिली. वाटू दे, मले काय! मी पाढ्यावर बसून पुढं सरकत होती. बे नव्वे अठरा. बे दाहे वीस.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डाव्या हातानं टिकेशचं मनगट पकडलं आणि म्हणली, "नाही."

त्यानं ऐकलं. तो माझ्यापुढं खाली बसला.

"आई, तुले समजते?" मग हळूच, "नाही यायचं तुले?"

"नाही."

"मग मी काय करू, आई? तुले काही झालं तर कोणाले हाक मारशील? नोकरी सोडून येऊ काय? तू सांग. सांगशील तसं करतो."

खरंच विचारून राहिला होता तो. इतक्या वर्षांत त्यानं मले असं काही विचारलं नव्हतं. आणि माझ्याजवळ सारं उत्तर तयार होतं. प्रेमिला रात्री राहील. हाकेसाठी खाटेले घंटी बांधून दे. इथं रस्त्यानं माणसं बोलत जातात, त्यांच्यामागून माझं तोंड चालेल. तुझ्या बंद फ्लॅटात मी मुकी होऊन मरीन, लेका. हे सारं ओठापर्यंत आलं.

"नाही," मी म्हणली.

तो थांबला. माझ्या तोंडाकडं पाहत खरंच थांबला.

"नाही. नाही."

एवढंच येत होतं. पाणी, भात, दुखते, नाही, एवढंच शिकवून झालं होतं.

टिकेशनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. हाक कोणाले मारशील, याचं उत्तर त्याले मिळालंच नाही; मग मले गाडीत न्यायले तो माझे पाय मांडीवर घेऊन चपला घालायले लागला. मी नाही, नाही म्हणत राहिली, आणि तो रडत रडत 'हो आई, हो आई' म्हणत होता.