पिवळी परत आली तेव्हा

स्वरूपने मोटारसायकलवरून खोका उतरवून पडवीत ठेवला, तेव्हा दर्शनाला वाटलं, भावजींनी जयगडहून मासळी आणली असेल. पण खोक्याचं झाकण आतून ढकललं गेलं आणि एक तपकिरी तोंड बाहेर आलं. पिल्लू अजून नीट चालतही नव्हतं. खोक्यातून बाहेर पडायच्या धडपडीत ते खोक्यासकट आडवं झालं आणि लादीवर घसरत थेट दर्शनाच्या पायाशी आलं.

दर्शनाचा धाकटा दीर स्वरूप जयगडच्या बंदरावर कामाला होता. सुट्टी मिळाली की वडिलांना बघायला हातखंब्याच्या अलीकडच्या या वाडीत यायचा, तासभर बसायचा आणि परत जायचा. तो म्हणाला, वर काजूच्या बागेत बिबट्या फिरतोय, वाडीतल्या सदूची शेळी नेलीन, तुम्ही घरात एकट्या, त्यात बाबा असे. कुत्रा निदान भुंकेल तरी. दर्शनाने त्याला आधी हळू आणि मग जरा जोरात सांगितलं की घरात मांजर आहे, हे जमायचं नाही. तो हसला. मांजर दोन दिवस फिसकारेल आणि मग दोघं एका ताटलीत जेवतील, असं म्हणाला, चहा प्याला आणि गेला. खोका तिथेच राहिला.

मांजर म्हणजे पिवळी. तिला रामजींनी आणलं होतं. दर्शनाचे सासरे रामजी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आयुष्यभर राबले. पहाटेच्या एसटीने जायचे, संध्याकाळी थंडगार हातांनी परत यायचे. एका संध्याकाळी त्यांच्या पिशवीत बांगड्यांबरोबर ही मुठीएवढी पिवळी होती. नंतर कारखाना सुटला, सासूबाई गेल्या, आणि एका सकाळी विहिरीवरून येताना रामजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. घशातून एक घरघर निघायची, तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावायचा.

दर्शना तेव्हा मुंबईजवळ, दिवा स्टेशनपाशी एका खोलीत नवऱ्याबरोबर राहत होती. राजेंद्र म्हणाला, महिनाभर जा, बाबा जरा सावरले की आपण बघू. तो महिना संपला नाही. दोन पावसाळे गेले. राजेंद्र गणपतीला यायचा, होळीला यायचा, आणि फोनवर रोज विचारायचा, बाबा जेवले का?

बाबा जेवायचे ते पिवळीमुळे. ती त्यांच्या लुळ्या हाताला पाठ टेकून झोपायची. दर्शना पेज घेऊन बसली की ती उठून बसायची, आणि रामजी डाव्या हाताने माशाचा एक तुकडा तिच्यापुढे धरायचे. तिने तो खाल्ला की मग स्वतः तोंड उघडायचे. दर्शनाला हे लवकर कळलं आणि तिने ते तसंच चालू ठेवलं. दिवसभरात त्या घरात काही ठरल्यासारखं घडत असेल, तर तेवढंच.

पिल्लाला बघताच पिवळी दुप्पट फुगली. पिल्लू शेपटी हलवत तिच्याकडे धडपडत गेलं, तिने त्याच्या नाकावर पंजा मारला आणि ती माळ्यावर चढून बसली. खाली यायला तयार होईना. दर्शनाने पिल्लाला पडवीच्या खांबाला बांधलं. ते इतकं केकाटलं की शेजारच्या जाईबाई काठी टेकत बघायला आल्या. जाईबाईंच्या घरात पूर्वी कुत्री-मांजरं एकत्र वाढलेली. त्यांनी सांगितलं, एक फडका मांजराच्या अंगावरून फिरव नि पिल्लाच्या खाली अंथर, पिल्लाचा फडका मांजराच्या जागेवर ठेव, एकमेकांच्या वासाची सवय होऊ दे, मधलं दार लावून ठेव, घाई करू नको. दर्शनाने सगळं केलं. पिवळी जेवणाच्या वेळेपुरती माळ्यावरून उतरायला लागली. कान मागे, अंग चोरलेलं, पण यायची.

मग पिल्लाने दोरी कुरतडली. दर्शना पेजेचा वाडगा घेऊन बसली होती, पिवळी रामजींच्या पोटापाशी होती, आणि मधलं दार नीट लागलेलं नव्हतं. पिल्लू खेळायलाच आलं असणार. ते खाटेवर पुढचे पाय टेकून भुंकलं. पिवळीने झेप घेतली ती रामजींच्या लुळ्या हातावरून, सगळी नखं रोवून. वाडगा उलटला. मांजर खिडकीतून बाहेर, दगडी गडग्यावरून उडी मारून काजूच्या बागेत दिसेनासं झालं. रामजींच्या हातावर चार लांब ओरखडे उठले आणि त्यांतून रक्त येऊ लागलं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. ते खिडकीकडेच बघत होते.

तेवढ्यात राजेंद्रचा फोन आला. दर्शनाच्या एका हातात रक्ताने भरलेला कापूस होता. चादरीवर पेज सांडली होती, दारात पिल्लाने घाण केली होती. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या घरात स्वयंपाकघर आणि रामजींची खाट असलेलं माजघर यांच्यामध्ये माणसाच्या उंचीची भिंत होती, वरचं सगळं मोकळं.

"माणसाचं करू, मांजराचं करू की कुत्र्याचं?" ती म्हणाली. "मला नाही आता जमत. एकदाची सुटका होऊ दे. त्यांचीही आणि माझीही."

राजेंद्र म्हणाला, बघ तूच काय ते.

संध्याकाळी रामजींनी तोंड उघडलं नाही. दर्शनाला वाटलं, मांजर नाही म्हणून. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. तिने पेज बदलली, माशाचा तुकडा त्यांच्या बोटांत दिला, पण तो खाली पडला. पाणी घशात उतरवायला चमचा दातांच्या फटीतून सारावा लागत होता. ती बागेत गेली, तारली मासे हातात हलवत पिवळीच्या नावाने हाका मारत फिरली, सदूच्या गोठ्यात पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं. बिबट्याचं नाव कोणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. परत येताना पाय जड व्हायचे. घरात जायचं म्हणजे पुन्हा त्या मिटलेल्या तोंडासमोर बसायचं.

आरोग्यकेंद्रातले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, असंच चाललं तर रत्नागिरीला न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात या अंगाला ते किती झेपेल सांगता येत नाही. ते रामजींच्या उशाशी उभे राहूनच बोलत होते. रामजींचे डोळे मिटलेले होते.

डॉक्टर गेल्यावर दर्शना वाडगा घेऊन बसली. आधी तिने गोडीने सांगितलं, मग विनवलं, मग तिचा आवाज चढला. तिने डाव्या हाताने त्यांचा जबडा धरला आणि चमचा आत घुसवला. दातावर स्टील वाजलं. ओठ फाटला आणि पेजेत लाल धागा उतरला. रामजींनी प्रतिकार केला नाही, गिळलंही नाही. पेज हनुवटीवरून गळ्यात ओघळली. दर्शना स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. हा हात आपला आहे हे तिला पटेना. पदराने त्यांचं तोंड पुसून ती मागच्या दारी गेली आणि धुणं धुवायच्या दगडावर बसून राहिली. रडूही येत नव्हतं. पिल्लू आलं आणि तिच्या पावलांवर हनुवटी ठेवून झोपलं. तिने त्याला पायाने बाजूला केलं. हेच आलं आणि सगळं बिघडलं, असं तिच्या मनाने घेतलं.

पिल्लू कुणालाच नको होतं. जाईबाईंकडे कोंबड्या, सदूला धसका की कुत्र्याच्या वासाने बिबट्या पुन्हा येईल. स्वरूप फोन उचलत नव्हता. शेवटी तिने जाईबाईंना रामजींजवळ बसवलं, पिल्लाला कापडी पिशवीत घातलं आणि रत्नागिरीची एसटी धरली. वाटभर ते पिशवीतून तोंड काढून तिचं मनगट चाटत होतं. मिरकरवाड्याला मासळी तरी असते, उपाशी मरणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

बंदरावर लिलाव उरकला होता. बायका टोपल्या धूत होत्या, माणसं जाळी शिवत होती, मोठी कुत्री सावलीला पसरली होती. दर्शनाने एका कोळणीकडून तारल्या घेतल्या आणि त्यांतली एक पिल्लासमोर टाकली. ते खाण्यात गुंतलं. ती चालायला लागली. थोड्या अंतरावर पावलांमागे नखांचा आवाज आला, पिल्लू तारली तोंडात धरून तिच्या मागेच येत होतं. तिने ते उचललं, रिकाम्या क्रेटखाली ठेवलं, वर दगड ठेवला आणि मागे न बघता रिक्षात बसली. ते केकाटलं की नाही, हे रिक्षाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच तिने रिक्षावाल्याला घाई केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळी आली. एक कान फाटलेला, अंगाला काटे, पोट खपाटीला. खिडकीतून उतरली, सगळ्या घराचा वास घेतला आणि खाटेवर चढून रामजींच्या लुळ्या हाताला पाठ लावून बसली. दर्शनाने रडत रडत पेज गरम केली, बांगड्याचा तुकडा सोलला आणि रामजींच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो पिवळीला भरवला. तिच्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं. दर्शनाने चमचा पुढे केला.

तोंड मिटलेलंच राहिलं.

चमचा धरून तिचा हात अवघडला. आता मागायला काही उरलं नव्हतं. मांजर आलं होतं, कुत्रं गेलं होतं, आणि हा माणूस तिच्यासमोर उपाशी मरत होता. त्याच वेळी फोन वाजला. राजेंद्रचं नाव दिसलं. सवयीने ती उठली, फोन घेऊन स्वयंपाकघराकडे वळली, आणि वळता वळता तिने पाहिलं, रामजींनी मान भिंतीकडे फिरवली होती आणि डोळे घट्ट मिटले होते, ऐकायला नको असलेलं काही आता ऐकावं लागणार असल्यासारखे.

ती दारातच थांबली. फोन वाजून वाजून बंद झाला.

मग ती परत येऊन खाटेच्या कडेवर बसली.

"बाबा, त्या दिवशी मी फोनवर बोलले, ते तुम्ही ऐकलंत."

रामजींनी मान वळवली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं.

"सुटका होऊ दे म्हणाले मी. खोटं कशाला सांगू, तेव्हा तसंच वाटत होतं. दमले होते. उद्याही दमेन, पुन्हा कधी तोंडातून जाईलही. पण तुम्ही मरावं असं मला नकोय." तिने पदराने त्यांच्या कानापाशी आलेलं पाणी पुसलं. "तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहिलात तर ते मी जन्मभर कुठे ठेवू? तुमच्या ओठाला मी जखम केली. ती तरी बरी होऊ द्या."

पिवळी अंग चाटत होती. मग रामजींची मान हळूहळू इकडे आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि फाटलेला ओठ जरासा सुटला. पहिला चमचा अर्धा बाहेर आला. दुसरा आत गेला, घशाची घाटी वर-खाली झाली. दर्शना मोजत बसली नाही. वाडगा संपला नाही, पण पेज पोटात गेली.

रात्री तिला झोप आली नाही. ज्याची काहीच चूक नव्हती त्याच्या डोक्यावर आपण दगड ठेवून आलो, हे आता मनातून जाईना. उजाडताच जाईबाईंना बोलावून ती पुन्हा एसटीत बसली.

क्रेट जागेवर नव्हता. तिने जाळी शिवणाऱ्यांना विचारलं, बर्फ फोडणाऱ्यांना विचारलं. इथे पिल्लांना काय तोटा, असं कोणी म्हणालं. ट्रॉलरच्या फळ्यांखाली, टोपल्यांच्या आड वाकून वाकून बघताना तिची साडी माशांच्या पाण्याने भिजली. शेवटी तारल्या दिलेली कोळीणच भेटली. दीपाली तिचं नाव. तिने दर्शनाला ओळखलं.

"तू ठेवून गेलीस ना गो त्याला? मी बघितला तुला," ती म्हणाली. "मोठ्या कुत्र्यांनी क्रेट पाडला नि पाय फाडला त्याचा. माझ्या टपात हाय."

निळ्या टपात, ओल्या गोणपाटावर पिल्लू पडलं होतं. मागच्या पायाला फडकं बांधलेलं. दर्शनाने हात पुढे केला तसं ते टपाच्या पलीकडच्या कडेला सरकलं आणि थरथरायला लागलं. दीपालीने ते उचलून दिलं आणि दुसरं काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं दर्शनाला वाटलं. गुरांच्या दवाखान्यात पाय शिवून घेताना ते ओरडलं नाही. एसटीत या वेळी त्याने पिशवीतून तोंड बाहेर काढलं नाही.

घरी पिवळी गुरगुरली आणि माळ्याच्या शिडीवर चढून बसली. पिल्लू लंगडत खाटेखाली शिरलं. कुठल्याच बाजूने काही मिटलेलं नव्हतं. दर्शनाने राजेंद्रला फोन लावला, आणि या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही. खाटेवर, रामजींच्या शेजारी बसून म्हणाली, "तुम्ही या. सुट्टी मिळो न मिळो. मी बाबांसमोर बोलतेय, तेही ऐकतायत. एकटीने मला होत नाही." तो येईल का, हे त्याच्या आवाजावरून कळलं नाही. बघतो म्हणाला. रामजींनी डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो हात आता हलका झाला होता, नुसती हाडं.

तिने मासा कुस्करला. थोडा शिडीच्या पायरीवर ठेवला, थोडा पेजेत घातला, थोडा वाटीत घालून खाटेखाली सारला. रामजी सावकाश जेवले. खाटेखाली वाटी तशीच होती. तिने दोनदा वाकून पाहिलं, दोन्ही वेळा पिल्लू भिंतीला चिकटून तिच्याकडे बघत होतं.

मग ती वाडगा घेऊन उठली आणि मोरीकडे गेली. तिची पाठ वळल्यावरच खाटेखाली वाटी लादीवर सरकल्याचा आवाज आला.