वाचवलेली वीज

ओढ्यावरचं वीजघर चालवणाऱ्या बाईला गाव वीजबाई म्हणायचं, आणि हल्ली तिच्या पाठीमागे वेडी वीजबाई. कारण तिचा नवा हुकूम: संध्याकाळी लावलेले दिवे मी सांगेपर्यंत कुणी बंद करायचे नाहीत, झोप येत नसेल तर तोंडावरून पांघरूण घ्या. जन्मभर ‘दिवा बंद कर’ म्हणून पोरांच्या मागे लागलेल्या लोकांच्या हे काही पचनी पडेना. आमच्या कोंबड्यासुद्धा झोपत नाहीत, अशी सुताराच्या बायकोची तक्रार होती.

झालं होतं असं, की वीजघरातली जादा वीज जिरवणारी पेटी जळाली होती आणि नवी शहरातून यायची होती. तोवर पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला गावातल्या दिव्यांचंच काय ते ओझं. ते उतरलं की चाक सुसाट सुटणार आणि होतं नव्हतं ते जाळणार. एवढं समजावून सांगायला कितीसा वेळ लागतो? पण बाईचा स्वभावच असा, की हुकूम एका वाक्यात आणि कारण विचारलं की कपाळाला आठ्या.

त्या संध्याकाळी तिची लेक दवाखान्यात बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. नर्सबाईनं तिला काचेचं झाकण असलेल्या लाकडी पेटीत, बल्बच्या उबेला ठेवलं.

"ही ऊब तुटता कामा नये," नर्सबाईनं निरोप धाडला. "बाकी तुमच्या हातात."

वीजबाईनं वीजघरात पाण्याचा व्हॉल्व्ह नीट जुळवला, मीटरचा काटा स्थिर झालेला पाहिला आणि नातीचं तोंड बघायला धावत वर दवाखान्यात आली. बघायचं आणि परत फिरायचं, एवढंच.

"नाक तुझ्यावर गेलंय," लेक पडल्या पडल्या म्हणाली.

"मग बिचारीचं कठीणच आहे," वीजबाई म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

पुसताना तिला उजेड बोचला. पेटीतला पिवळा बल्ब पांढराफटक झाला होता. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. उतारावरची घरं एकामागून एक विझत होती.

"बाळ बाहेर काढा! आधी बाळ काढा!"

नर्सबाईनं का म्हणून विचारलं नाही, झाकण उघडून बाळ उचललं. तेवढ्यात बल्ब फुटला, मग डोक्यावरचाही. बाळ होतं त्या दुपट्यावर काचांचा सडा पडला.

वीजबाई अंधारात ठेचकाळत खाली पळाली. चाक किंचाळत होतं. तिनं व्हॉल्व्ह बंद केला, पण खोलीभर धूर होता आणि जनित्रातली तांब्याची वेटोळी काळी ठिक्कर पडली होती. हे जनित्र गावानं खांद्यावर वाहून डोंगर चढवून आणलं होतं. आता शहरातून नवी पेटी आली तरी ती जोडायची कशाला? वीजबाईला रडूही येईना.

ती दवाखान्यात परतली तेव्हा मेणबत्ती लावलेली होती. नर्सबाईनं बाळाला लेकीच्या उघड्या छातीशी गुंडाळून बांधलं होतं.

"अंग गरम आहे. तग धरेल," ती म्हणाली.

वीजबाई दारात आली, तर समोर तिची म्हातारी आई कंदील घेऊन उभी, आणि मागे अर्धं गाव. म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता.

"तू हुकूम सोडशील, पण स्वतःसाठी काही मागायची नाहीस," म्हातारी म्हणाली. "म्हणून मीच दारोदार फिरले. म्हटलं, आज दिवे बंद करा, सगळी वीज आमच्या लेकराला जाऊ दे. एकानंही नाही म्हटलं नाही गं!"

"तुमचा हुकूम मोडला, रागावू नका हं," सुतार हसत म्हणाला.

म्हातारीनं आत डोकावून पाहिलं. "अगंबाई, इथलाही दिवा बंद केलात? शहाण्या आहात. पोहोचली ना मग सगळी वीज बाळापर्यंत?"

वीजबाईनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोहोचली, आई. सगळी पोहोचली."

"ऐकलंत का?" म्हातारी मागे वळून ओरडली. "पोहोचली!"

आणि अंधारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.