मी मोजते, शिक्का मारत नाही

मी मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी बोलतेय. अंगावर बत्तीस टिकल्या, प्रत्येक टिकलीला एक वायर. नागपूरच्या प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला फक्त कॉलेजातल्या मुलांची डोकी यायची. सगळी फाडफाड वाचणारी.

मग रीना आली. मूळची भंडाऱ्याकडच्या कोंढा गावची. आठ वर्षं विशेष मुलांना शिकवून पीएच.डी.ला बसलेली. "वाचता न येणाऱ्या मुलांना इथे आणा," असं तिला सांगितलं, तर म्हणाली, "मुलं येणार नाहीत. टोपी जाईल." आणि मला पिशवीत घालून एसटीनं तिकडच्याच दिघोरीच्या शाळेत घेऊन गेली.

तिथे खुशबू भेटली. नऊ वर्षांची, चौथीतली. एक ओळही वाचता येत नव्हती. तिच्या आईनं, चंद्रकलानं, माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मॅडम, पोरीले करंट त नाई लागन ना?"

"नाई वहिनी. हे काही देत नाई, नुसती आयकते."

तेलकट केसांतून मला नीट ऐकू येत नाही, म्हणून चंद्रकलानं पोरीचं डोकं दोनदा धुऊन दिलं. मला घालून खुशबूनं आरशात पाहिलं आणि खुदकन हसली. "मी त जाळ्यात फसल्यावानी दिसून राहिली!"

रीनानं तिला आवाज ऐकवले. ब, ब, ब आणि मधेच भ. भ आला की इतर मुलांच्या लहरी दचकायच्या. खुशबूची लहर जेमतेम हलली. कान डॉक्टरांनी तपासले होते, ठीक होते. पोरीला आवाजांतला बारीक फरक पकडणंच जड जात असावं, असं रीनाला वाटलं.

वर्गशिक्षक परसराम सर दारातच उभे होते. "मॅडम, टोपी लावली ना? मग द्या लिहून, पोरगी मंद आहे म्हणून. आमच्या निकालात तरी तिले धरावं लागणार नाई."

खुशबूनं मान खाली घातली.

"असा कागद मी लिहिणार नाई, सर," रीना म्हणाली. "शिकवायले मात्र दर शनिवारी येईन."

आणि ती सहा महिने आली. तोंडासमोर तळहात धरायचा. ब म्हटलं की वारा कमी, भ म्हटलं की हातावर फुंकर. जे कानांना पटत नव्हतं, ते हाताला पटलं. एका शनिवारी थांब्यावर एसटी आली. खुशबूनं हात तोंडासमोर धरला, पाटीकडे पाहिलं आणि कुणी न सांगता वाचलं, "भं...डा...रा!" चंद्रकला तिथेच रडायला लागली.

मी पुन्हा मोजलं. खोटं कशाला बोलू, लहर फारशी बदलली नव्हती.

नागपुरात प्रबंध पाहणाऱ्या समितीतले एक तज्ज्ञ म्हणाले, "मेंदूत बदल दिसत नाही. ही मुलगी प्रबंधातून वगळा."

"सर, मुलगी वाचते. आलेखात दिसत नसेल, तर आलेख कमी पडला, असं लिहीन. पण तिला वगळणार नाही."

या हट्टापायी रीनाची पीएच.डी. वर्षभर लांबली. पण गेल्या महिन्यात प्रबंध विद्यापीठात गेला, खुशबूच्या पानासकट.

आता माझ्या पाच टिकल्या मेल्यात. मोडीत काढायच्या यादीत माझं नाव आहे. खुशाल काढा. पण माझ्या जागी जी नवी येईल, तिला एवढं सांगा : पोरांचं डोकं मोजायला जायचं, त्यांना मोडीत काढायला नाही. तसा कागद कुणी मागितला, तर सरळ बंद पड.