तांब्यावरची प्रार्थना

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई शकुंतलाबाई, पाणी पिण्याआधी प्रार्थना करतात. जेवणाआधी करणारे पुष्कळ असतात, पण ह्या पाण्याच्या प्रत्येक तांब्याआधी करतात. वसमतच्या पास्टरांनी एकदा मंडळीत सांगितलं होतं, की पाणी प्यायला उचलाल तेव्हा आठवा, घशासारखी आत्म्यालाही तहान लागते आणि ती येशूच भागवतो. बाकीच्यांच्या बाबतीत ते पालथ्या घड्यावर पाणी झालं. आत्याबाईंनी मात्र शब्दन् शब्द पाळला.

पदर डोक्यावर घ्यायचा, तांब्या दोन्ही हातांत धरायचा, आणि माझ्यापासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळ्यांची नावं देवाला मोठ्यानं सांगायची. एकदा वसमतच्या स्टँडवर आत्याबाईंचं आमेन होईपर्यंत आमची एसटी निघून गेली. राग माझ्या नाकावरच असतो. आमच्या गावी, कुरुंद्यात पोहोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे जळबा, कधी प्रार्थनेला गेले नाहीत. खाटेवर बसून टोमणे मारायचे. "पुनम, हळद शिजून, वाळून मोंढ्यात विकायला जाईल, पण तुझ्या सासूचं आमेन न्हाई यायचं." गंमत अशी, की आमेन कानावर पडल्याशिवाय ते स्वतःही तांब्या तोंडाला लावत नसत. आम्ही कुणी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग मामांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला एक बाटली पाणी, त्यावर घोटभरही नाही, नाहीतर पाणी छातीत साठेल. बाटली माझ्या ताब्यात आली, कारण आत्याबाईंचं मन विरघळलं असतं.

हळद शिजवायचे दिवस होते. शेतातली माणसं घागरीवर घागर रिकामी करत होती, आणि मामा घरात माठाला तळहात लावून बसायचे.

"मामा, हात काढा."

"हातानं पाणी पोटात जात न्हाई, पुनम. नुसतं गार लागतं."

मला रडू यायचं आणि मी भांडी आपटायचे.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांचे ओठ वाळून फुटले होते.

"तुझी सासू देवावर रुसली का?"

"काहून, मामा?"

"लई दिवस झाले, मला तिचं आमेन ऐकू आलं न्हाई. एवढं मागून बी मी बरा झालो न्हाई, म्हणून सोडलं का तिनं?" त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मी देवाला कधी काही मागितलं न्हाई, पोरी. ती मागायची, त्यातच माझं भागून जायचं. तिनं सोडलं तर माझं कोण हाय?"

आत्याबाई घरात पाणी पीतच नाहीत, हे मला तेव्हा जाणवलं. तहान नाही, एवढंच म्हणायच्या. मी तडक गोठ्याकडे गेले. म्हशीच्या आडोशाला, शेणाच्या पाट्यांशेजारी आत्याबाई पदर घेऊन उभ्या होत्या, हातात तांब्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"चोरून पाणी पिता, आत्याबाई?"

त्या दचकल्या. तांब्यातलं पाणी पायांवर सांडलं.

"त्यांच्या समोर भरला तांब्या कसा उचलू गं? त्यांचा जीव कासावीस व्हतो."

"अन् त्यांना वाटून राहिलं, तुमी देव सोडला. माझं कोण हाय म्हणतात."

आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि लेकरासारख्या रडल्या. मला त्यांची अशी माया आली, की एसटीचा जुना राग त्याच घटकेला गेला. मी त्यांचा हात धरला, तांब्या पुन्हा भरला आणि त्यांना घरात आणलं.

त्या खाटेशी बसल्या. मी मामांच्या बाटलीतलं घोटभर पाणी वाटीत ओतून त्यांच्या हातात दिलं आणि माझाही पेला भरून घेतला. आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मामांना फार वेळ वाट बघायला लागू नये म्हणून त्यांनी भरभर चार शब्द म्हटले.

"बापा, आमची तहान तुला ठावं हाय. आमेन."

मामांनी डोळे उघडले. वाटी तशीच हातात होती.

"झालं? इतक्यात?"

"तुमचा घसा सुकलाय," आत्याबाई म्हणाल्या. "आधी प्या तुमी."

"पाण्याला डॉक्टरनं माप घातलंय," मामा म्हणाले. "ह्याला तर न्हाई ना घातलं? अजून म्हण. म्हशीपर्यंत सगळ्यांची नावं घे."

आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दुपारी आम्हा तिघांनाही पाणी प्यायला खूप उशीर झाला.